पहिली ओळ कुठे गेली? घोडबंदर रोडवरील एका सोसायटीच्या थकबाकी यादीचे प्रकरण

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, मानपाडा ओलांडल्यानंतर आतल्या रस्त्याला असलेल्या एका गृहनिर्माण सोसायटीत सहा विंग आणि ४२० सदनिका आहेत. देखभाल शुल्काची बिले, पावत्या आणि थकबाकी यांचा हिशेब तेथे पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालणाऱ्या एका छोट्या वेब ॲप्लिकेशनमध्ये ठेवला जातो. दर महिन्याला त्यातून विंगवार थकबाकी यादी काढून सूचना फलकावर लावण्याची तेथे पद्धत आहे. व्यवस्थापन समितीची निवडणूक जवळ आली होती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार थकबाकीदार सभासद समितीवर निवडून येण्यास अपात्र ठरतो. त्यामुळे एरवी कोणी ढुंकूनही न पाहिलेली ही यादी त्या महिन्यात लोक फलकासमोर उभे राहून एकेका नावावर बोट ठेवत वाचत होते.

पहिली तक्रार ए विंगमधून आली. ज्या सभासदाचे नाव यादीत सर्वांत वर होते, त्याने विचारले की आपल्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचीही बिले थकलेली असताना त्याचे नाव यादीत का नाही. दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. डी विंगच्या रकान्यात एकही नाव नव्हते. प्रत्यक्षात त्या विंगमधील एका सदनिकेने अनेक महिने पैसे भरलेले नाहीत हे सर्वांना ठाऊक होते आणि त्या सदनिकेचे मालक सेक्रेटरींचे जुने स्नेही होते. सेक्रेटरींनी नाव दडवले, असे आधी कुजबुजत आणि मग उघडपणे बोलले जाऊ लागले.

अशा लहान प्रणालींच्या देखभालीचे काम मी नौपाड्यातून करते. सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "ताई, मी एकही नाव काढलेलं नाही. संगणकातून जशी आली तशी यादी लावली. पण आता मी लिफ्टमध्ये शिरलो की लोक बोलायचे थांबतात." चाळीस वर्षे बँकेत रोखपाल म्हणून काम केलेल्या माणसावर हिशेबातील लबाडीचे बालंट येणे म्हणजे काय असते, हे त्या एका वाक्यावरून मला समजले. हा दोष कोठे आहे हे शोधणे जितके आवश्यक होते, तितकेच तो सेक्रेटरींचा नाही हे सर्वांना पटेल अशा रीतीने दाखवणेही आवश्यक होते.

पानावर काय दिसत होते

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात बसून मी यादीचे पान उघडले आणि आधी प्रोग्रामला हात न लावता केवळ ते पान पाहत राहिले. सी विंगच्या ठिकाणी "या विंगमध्ये थकबाकी नाही" असा स्पष्ट संदेश होता. डी विंगच्या ठिकाणी मात्र तसा संदेश नव्हता. तेथे सदनिका क्रमांक, सभासदाचे नाव, रक्कम ही शीर्षके असलेला तक्ता होता आणि त्याखाली एकही ओळ नव्हती. फलकासमोर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही गोष्टी सारख्याच रिकाम्या वाटल्या असत्या. प्रोग्रामच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक होता. सी विंगबाबत प्रोग्रामला काहीच मिळाले नव्हते. डी विंगबाबत काहीतरी मिळाले होते, म्हणूनच त्याने तक्ता मांडायला घेतला आणि मग त्यात लिहायला त्याच्या हाती काही उरले नाही.

दुसरा धागा खजिनदार बाईंनी दिला. त्यांनी यादीतील रकमांची वहीवर बेरीज केली होती आणि ती पानाच्या तळाशी छापलेल्या एकूण थकबाकीपेक्षा बरीच कमी भरत होती. तळाची रक्कम वेगळ्या क्वेरीतून, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या वेगळ्या प्रश्नातून येत होती, ज्यात डेटाबेसकडूनच सम, म्हणजे बेरीज, काढून घेतलेली होती. म्हणजे डेटाबेसला पूर्ण थकबाकी माहीत होती आणि पानावर ती अपुरी उतरत होती. खजिनदार बाईंची ही बेरीज या संपूर्ण तपासातील सर्वांत मोलाचा पुरावा ठरली, असे माझे मत आहे.

तरीही क्वेरीवरचा संशय आधी दूर करणे भाग होते. थकबाकीदार ठरवण्यासाठी क्वेरीत घातलेली तीन महिन्यांच्या मुदतीची अट चुकीची लिहिली गेली असेल का, किंवा सदनिका आणि सभासद हे दोन तक्ते जोडताना, सभासदाची नोंद अपुरी असलेल्या सदनिका इनर जॉइनमुळे (दोन्ही तक्त्यांत जुळणाऱ्या ओळीच ठेवणाऱ्या जोडणीमुळे) गळून पडत असतील का, हे दोन प्रश्न स्वाभाविक होते. मी तीच क्वेरी प्रोग्राममधून उचलून पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस थेट पाहण्याच्या साधनात विंगवार चालवली. ए विंगमध्ये ९, बी विंगमध्ये ६, सी विंगमध्ये ०, डी विंगमध्ये १, ई विंगमध्ये १२ आणि एफ विंगमध्ये ४, अशा एकूण ३२ ओळी मिळाल्या. पानावर याच क्रमाने ८, ५, ०, ०, ११ आणि ३, म्हणजे एकूण २७ ओळी होत्या.

हे आकडे एकाखाली एक लिहिल्यावर उत्तर जवळजवळ दिसू लागले. अटीत चूक असती तर प्रत्येक विंगमधील तफावत वेगवेगळी आली असती, कारण कोणाची बिले केव्हा थकली यावर ती अवलंबून राहिली असती. जॉइनमुळे ओळी गळत असत्या तर त्या पीएचपीमायॲडमिनमध्येही दिसल्या नसत्या. येथे मात्र विंग मोठी असो वा लहान, थकबाकीदार बारा असोत वा एक, तफावत नेमकी एकाचीच होती. आणि जिथे मुळात शून्य होते तिथे तफावत नव्हती. शिवाय क्वेरीत ओळींचा क्रम (ऑर्डर बाय) सदनिका क्रमांकावर असल्यामुळे गहाळ झालेली ओळ प्रत्येक वेळी त्या विंगमधील सर्वांत खालच्या क्रमांकाच्या थकबाकीदाराचीच होती. अशी तफावत माहितीतून येत नाही. निकालातील ओळी उचलण्याच्या पद्धतीतूनच ती येते.

निकाल हाती येतो म्हणजे काय होते

क्वेरी चालवली की उत्तराची यादी आपल्या हातात आली, असा समज करून घेणे सोपे आहे. हा प्रोग्राम डेटाबेसशी पीडीओ या पीएचपीच्या एक्स्टेन्शनमधून बोलतो. पीडीओमध्ये क्वेरी चालवल्यावर प्रोग्रामला मिळते ते एक स्टेटमेंट ऑब्जेक्ट असते. ओळी त्याच्यामागे रांगेत उभ्या असतात. फेच हे फंक्शन हाक मारील तशी एकेक ओळ पुढे येते, आणि एकदा पुढे आलेली ओळ पुन्हा रांगेत जाऊन उभी राहत नाही. ओळी संपल्या की फेच 'फॉल्स' (नाही) हे मूल्य परत करते आणि त्या खुणेवरच लूप, म्हणजे ओळी एकामागून एक घेणारी आवर्तने, थांबतो. मायएसक्यूएलआय या दुसऱ्या एक्स्टेन्शनमध्ये डेटा सीक नावाचे फंक्शन आहे, ज्याने साठवलेल्या निकालात हव्या त्या ओळीपाशी जाता येते. पीडीओच्या मायएसक्यूएल ड्रायव्हरमध्ये मागे फिरण्याची तशी सोय नाही. म्हणून पीडीओमध्ये फेच म्हणजे केवळ डोकावून पाहणे नव्हे. जो फेच करतो तो ओळ घेतो, आणि घेतलेल्या ओळीचे काय करायचे याची जबाबदारीही त्याच्याचकडे येते.

सोसायटीच्या प्रोग्राममध्ये हे कसे घडले होते ते आता सांगते. आधी एका इफमध्ये फेच केले होते: ओळ मिळाली तर तक्त्याची शीर्षके छापायची, नाही मिळाली तर "थकबाकी नाही" हा संदेश छापायचा. शीर्षके छापून झाल्यावर व्हाइल लूप सुरू होत होता, आणि त्याच्या अटीत पुन्हा फेच होते. इफमधल्या फेचने पहिली ओळ उचललेली होती. ती कोणत्याही चलात ठेवली नव्हती, त्यामुळे ती तेथेच नाहीशी झाली. व्हाइलने दुसऱ्या ओळीपासून छपाई सुरू केली. डी विंगमध्ये दुसरी ओळ नव्हतीच, म्हणून शीर्षकांखालचा तक्ता रिकामा राहिला. यात पीएचपीच्या दृष्टीने काहीही चुकलेले नव्हते, त्यामुळे एरर लॉगमध्ये, म्हणजे त्रुटींच्या नोंदवहीत, एक अक्षरही नव्हते.

इतकी साधी चूक अनुभवी प्रोग्रामरने कशी केली, असा प्रश्न समितीतील एका तरुण सभासदाने विचारला. जुन्या फाइलींच्या प्रती पाहिल्यावर त्याचे उत्तर मिळाले, आणि ते मला महत्त्वाचे वाटते. हे ॲप्लिकेशन मुळात मायएसक्यूएलच्या जुन्या फंक्शनांवर लिहिलेले होते. जून २०१३ मध्ये आलेल्या पीएचपी ५.५ मध्ये ती फंक्शने कालबाह्य ठरवली गेली आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७.० मधून ती काढूनच टाकण्यात आली. सोसायटीचे होस्टिंग जुन्या आवृत्तीवर बरीच वर्षे तग धरून होते. चौदा महिन्यांपूर्वी ते नव्या आवृत्तीवर हलवावे लागले, आणि तेव्हाच्या प्रोग्रामरने सर्व पाने पीडीओवर आणली. जुन्या पानात आधी निकालातील ओळींची संख्या विचारली जात होती आणि ती शून्याहून अधिक असेल तर लूप चालत होता. संख्या विचारल्याने ओळ खर्च होत नाही, म्हणून ते पान बरोबर चालत होते. पीडीओमध्ये त्याच्या जागी रो काउंट हे ओळींची संख्या सांगणारे फंक्शन वापरण्याचा मोह होतो, परंतु सिलेक्ट, म्हणजे माहिती वाचणाऱ्या, क्वेरीसाठी रो काउंट प्रत्येक डेटाबेसमध्ये खात्रीचे उत्तर देईलच असे नाही, अशी स्पष्ट सूचना पीएचपीच्या माहितीपुस्तिकेत आहे. प्रोग्रामरने ती वाचलेली होती. तशी टिप्पणीच त्याने कोडमध्ये लिहून ठेवली होती. म्हणून त्याने ओळी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी संख्येऐवजी एक ओळ उचलून पाहण्याचा मार्ग निवडला. ही चूक निष्काळजीपणाची नव्हती. एका धोक्याची नीट दखल घेताना शेजारचा दुसरा धोका नजरेतून सुटला होता.

समितीच्या बैठकीत मी कोड दाखवला नाही. खजिनदार बाईंकडून पावत्यांचा एक गठ्ठा मागून घेतला. गठ्ठ्यात पावत्या आहेत का हे पाहण्यासाठी वरची पावती उचलली, "आहेत" म्हणून ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि उरलेला गठ्ठा मोजायला त्यांच्या हाती दिला. मग तेच एकच पावती असलेल्या गठ्ठ्याने केले. या वेळी मोजायला काहीच उरले नाही. डी विंगचे नाव कसे गेले हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही. ए विंगमधल्या तक्रारदार सभासदांनी स्वतःच विचारले की मग आपले नाव वर होते ते आपण पहिले होतो म्हणून नव्हे, दुसरे होतो म्हणून. ते अगदी बरोबर होते.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीतील माझी चूक

यादीच्या पानासाठी मी फेच ऑल वापरले. हे फंक्शन सर्व ओळी एकदम उचलून एका ॲरेत, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीतील यादीत, ठेवते. मग ॲरे रिकामा आहे का हे कितीही वेळा विचारले तरी त्यातून काही कमी होत नाही, त्यातील घटक मोजता येतात आणि त्यावर फोरइच हा लूप चालवता येतो. एका विंगमध्ये सत्तरच सदनिका असल्याने मेमरीचा प्रश्नच येत नव्हता. पहिली ओळ चलात ठेवून डू-व्हाइल लूप लिहिणे हा दुसरा योग्य मार्ग होता, पण तो बरोबर राहणे पुढच्या माणसाच्या सावधपणावर अवलंबून असते. लहान निकालांसाठी मी फेच ऑललाच पसंती देते, कारण आणून ठेवणे आणि मांडणे ही दोन कामे त्यात एकमेकांपासून पूर्ण वेगळी होतात.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी बदलल्या. विंगचे नाव क्वेरीच्या मजकुरात थेट जोडले जात होते; त्याऐवजी क्वेरीचा साचा आधी तयार (प्रिपेअर) करून ते मूल्य स्वतंत्रपणे दिले. आणि क्वेरीतील सर्व कॉलम एकदम मागणारे सिलेक्ट तारांकन काढून प्रत्येक कॉलमचे नाव लिहिले. दुसऱ्या बदलाचे कारण असे की सदनिका आणि सभासद या दोन्ही तक्त्यांत आयडी नावाचा कॉलम होता. निकालाची ओळ नावांच्या ॲरेत घेतली की एका नावाला एकच जागा मिळते, आणि त्या जागेवर नंतर येणाऱ्या कॉलमचे मूल्य बसते. म्हणून यादीतील "खाते पाहा" या दुव्यात सदनिकेच्या आयडीऐवजी सभासदाचा आयडी जात होता. बहुतेक ठिकाणी हे दोन आकडे योगायोगाने सारखे होते, कारण सुरुवातीला दोन्ही तक्ते एकाच क्रमाने भरले गेले होते. ज्या सदनिका पुढे विकल्या गेल्या, तेथे मात्र दुसऱ्याचेच खाते उघडत होते. सदनिका आयडी आणि सभासद आयडी अशी वेगळी नावे क्वेरीतच ॲज वापरून दिल्यावर तेही थांबले.

यानंतर मी घाई केली. यादीत जे केले तेच बरोबर आहे असे धरून बाकीच्या पानांवरही सगळीकडे फेच ऑल बसवले. लेखापरीक्षणासाठी संपूर्ण खतावणी सीएसव्ही फाइलमध्ये काढणारे पान त्यांतलेच एक होते. ४२० सदनिका, दहा वर्षांचे १२० महिने आणि प्रत्येक बिलात आठ शुल्कशीर्षे, म्हणजे ४,०३,२०० ओळी. दुसऱ्या दिवशी खजिनदार बाईंनी ती फाइल काढायचा प्रयत्न केला आणि पान कोरे आले. एरर लॉगमध्ये लिहिले होते की १३,४२,१७,७२८ बाइट्सची मेमरी मर्यादा संपली. हा आकडा म्हणजे १२८ एमबी, पीएचपीची नेहमीची मर्यादा. आधीचे पान त्याच मर्यादेत चालत होते, कारण ते एकेक ओळ घेऊन लगेच फाइलमध्ये लिहीत होते. तेव्हाही पीडीओचा मायएसक्यूएल ड्रायव्हर संपूर्ण निकाल सर्व्हरकडून आणून स्वतःच्या साठ्यात ठेवतच होता, कारण बफर्ड क्वेरी ही त्याची मुळातली सवय आहे. परंतु तो साठा आटोपशीर असतो. त्याच ओळी नावांसकट पीएचपीच्या ॲरेत उतरवल्या की प्रत्येक ओळ कितीतरी अधिक जागा घेते, आणि फेच ऑल त्या सर्व एकाच वेळी जिवंत ठेवते.

या पानासाठी मी बफर बंद करून अनबफर्ड पद्धत स्वीकारली, ज्यात ओळी सर्व्हरकडून लागतील तशा येतात आणि पीएचपीच्या मेमरीत एका वेळी फारच थोड्या असतात. तिची एक अट आहे: सर्व ओळी वाचून होईपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालवता येत नाही, आणि चालवली तर २०१४ क्रमांकाची त्रुटी येते. जुन्या लूपमध्ये प्रत्येक ओळीसाठी सभासदाचे नाव वेगळ्या क्वेरीने विचारले जात होते, त्यामुळे पहिल्याच फेरीत ती त्रुटी समोर आली. ते नाव जॉइनने मूळ क्वेरीतच घेतले. यामुळे ही अडचण तर सुटलीच, शिवाय चार लाख लहान क्वेऱ्याही वाचल्या. रक्कम डेसिमल प्रकारच्या कॉलममधून मजकुराच्या रूपात येते; ती तशीच फाइलमध्ये लिहिली, फ्लोटिंग पॉइंटच्या अंदाजी गणितात न घालता, म्हणजे पैशापैशाचा हिशेब डेटाबेसमध्ये आहे तसाच राहील.

तपासणीसाठी मी एक कायमची सोय ठेवली. यादीचे पान आता छापलेल्या ओळींच्या रकमांची स्वतः बेरीज करते, ती तळाच्या समशी ताडून पाहते आणि पैशाचाही फरक आढळला तर यादी छापण्याऐवजी तसे सांगते. खजिनदार बाईंनी वहीवर जे केले तेच हे आहे. शून्य, एक आणि दोन थकबाकीदार असलेल्या तीन खोट्या विंग तयार करून त्यांवर प्रत्येक बदलानंतर पान चालवून पाहण्याचा नियमही लिहून दिला. या दोषाची खूण एका ओळीच्या निकालात सर्वांत ठळक दिसते आणि चाचणी घेताना नेमका तोच प्रसंग सुटतो.

राहिला प्रश्न मागील यादींचा. होस्टिंग बदलल्यापासून चौदा महिन्यांत लागलेल्या प्रत्येक यादीतून, थकबाकीदार असलेल्या प्रत्येक विंगमधील एक नाव गहाळ होते. बिले आणि पावत्या तारखांसह शाबूत असल्याने त्या त्या महिनाअखेरची स्थिती पुन्हा काढता आली. चौदाही याद्या नव्याने काढून, मूळ यादीत नसलेली नावे अधोरेखित करून, समितीच्या इतिवृत्ताला जोडण्यात आल्या. त्यांत चार महिन्यांपूर्वीच्या यादीत बी विंगमधून गहाळ झालेले नाव सेक्रेटरींच्या स्वतःच्या मुलाचे होते. ते अधोरेखित नाव त्यांनी सर्वसाधारण सभेत स्वतः उभे राहून वाचून दाखवले, आणि मग उरलेली यादी वाचली.